किती जाळलंस, नसीमबाय?

बाथरूमचं दार आतून लावलं, नळ सोडला आणि जरा वेळ गेला की बाहेरून तीनदा टकटक व्हायची. मग अगदी शांत, समजूतदार आवाज यायचा, "किती जाळलं?"

आत कोण आहे याच्याशी पास्कूमामांना काही देणंघेणं नसे. माझा नवरा सलीम असो, वरच्या मजल्यावरचा इकबाल असो, नाहीतर आमच्या घरमालकाचा रागीट भाचा असो. एकदा तो भाचा भाडं न्यायला आला आणि सहज हात धुवायला आत गेला, तर मामांनी त्याचंही दार वाजवलं. त्यांचा हिशेब ठरलेला होता. "पहिली बादली आंघोळ, दुसरी बादली चैन, तिसरीपासून जाळपोळ. यल्ला, बाहेर या!" साबणाचा फेस डोळ्यांत गेलेला माणूस आतून शिव्या द्यायचा आणि मामा बाहेर हाताची घडी घालून उभे राहायचे. नळ बंद झाल्याचा आवाज आला की मगच हलायचे.

मी कतारला आले ती लग्नानंतर चार वर्षांनी, कडेवर साइमाला घेऊन. सलीम एका ट्रेडिंग कंपनीत क्लार्क होता. दोह्याजवळ मुऐदरला एका जुन्या व्हिलाच्या खोल्या पाडून भाड्यानं दिल्या होत्या, त्यातली एक आमची. स्वयंपाकघर सगळ्यांचं एक, बाथरूम सगळ्यांची एक. मी चिपळूणची. आमच्याकडे पावसाळ्यात पाणी घरात येऊ नये म्हणून उंबऱ्याला पोती लावायची, पाणी वाचवायचं वगैरे आम्हाला कोण शिकवणार? पहिल्याच दिवशी मी नळाखाली तांदूळ धूत उभी होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "किती जाळलंस?"

मी दचकून चुलीकडे पाहिलं. म्हटलं, "अजून भात चढवलाच नाही, जळेल कसा?"

मागे एक काळासावळा, काटकुळा माणूस उभा होता. पन्नाशीचा असेल. डोक्यावर कंपनीची टोपी, पायांत रबरी चपला आणि दोन्ही हातांत रिकाम्या बादल्या. तो म्हणाला, "भात नाही गं बाय. पाणी. पाणी किती जाळलंस?"

मला वाटलं, माणूस उन्हात फिरून आलाय. मी चुलीवरचा झारा हाताशी घेऊन ठेवला.

संध्याकाळी सलीमनं खुलासा केला. पास्कोल मच्याडो, सगळ्यांचे पास्कूमामा, वसईचे ख्रिश्चन, लग्न केलेलं नाही, शेवटच्या खोलीत एकटे राहतात. समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात बॉयलरवर आहेत. फोनवर बहिणीशी त्यांच्या गावच्या बोलीत बोलतात, ती आपल्याला अर्धीच कळते. आपल्याशी मात्र चर्चमधल्या मिस्सेच्या पुस्तकासारखं स्वच्छ मराठी. "आणि पाण्याबद्दल त्यांच्याशी वाद घालू नको," सलीम म्हणाला. "कोणी जिंकलेलं नाही."

मी अर्थातच दुसऱ्या दिवशी वाद घातला. म्हटलं, "मामा, नळाला पाणी येतंय ते वापरायलाच ना?"

"येत नाही, नसीमबाय. बनवतात. इथे पाणी पडत नाही, वाहत नाही, बनवावं लागतं. आम्ही समुद्र उकळतो. गॅस जाळायचा, समुद्र उकळायचा, वाफ धरायची, ती तुमच्या नळाला. धूर वर जातो, गरम खारट राड परत समुद्रात जाते. वर आभाळ तापतं, खाली मासे मरतात आणि मधे नसीमबाय तांदूळ खंगाळते."

"मग तुम्ही कशाला उकळता? सोडा नोकरी!"

"म्हणूनच तर विचारतो ना," ते म्हणाले, "मीच उकळतो म्हणून."

मी तांदूळ टोपात धुवायला लागले. धुवण मामांनी बादलीत ओतून घेतलं आणि घेऊन गेले.

या साऱ्या पाण्याचं ते करायचे काय, ते मला आठवडाभरानं कळलं. व्हिलाच्या मागच्या भिंतीला लागून, सकाळचे दोन तासच ऊन येईल अशा कोपऱ्यात, मामांनी केळ लावली होती. वाळवंटात केळ! साधीसुधी नाही, वसईची राजेळी. जिची केळी वाळवून सुकेळी करतात, ती. पाण्याच्या थेंबाथेंबासाठी लोकांची दारं वाजवणाऱ्या माणसानं झाड निवडलं तर तेही सगळ्यात जास्त पाणी पिणारं. मी हसून हसून बेजार झाले. मामा म्हणाले, "हसून घे. खजुराला कोण विचारतो, तो काय दगडावरपण जगेल."

तिचा मुनवा, म्हणजे बुडाशी फुटलेला कोंब, त्यांनी काही वर्षांपूर्वी सुट्टीवरून येताना बॅगेत घालून आणला होता, ओल्या बनियनमध्ये गुंडाळून. विमानतळावर बॅग उघडली. कस्टमवाल्यानं तो चिखलाळलेला गड्डा वर धरून विचारलं, हे काय? मामा म्हणाले, "बनाना." त्यानं उलटासुलटा करून पाहिला. "बनाना कुठंय?" मामा म्हणाले, "येईल. इन्शाल्ला." त्याला इतकं हसू आलं की त्यानं बॅग बंद करून दिली.

या केळीला नळाचं पाणी वर्ज्य होतं. तिला पाणी फक्त दोन ठिकाणचं, आमच्या तांदळा-डाळीचं धुवण आणि एसीचं. व्हिलाच्या प्रत्येक खिडकीतल्या एसीखाली मामांनी पाइप जोडून खाली डबे ठेवले होते. ऑगस्टात हवा घामट झाली की एकेका एसीतून दिवसाला बादली भरायची. ते पाणी ड्रममध्ये, ड्रममधून केळीला. स्वतःच्या खोलीत मात्र ते एसी लावत नसत. दार उघडं टाकून टेबलफॅनसमोर ओला पंचा पांघरून बसायचे. म्हणायचे, "एसी म्हणजे काय? आपला ताप काढून शेजाऱ्याच्या कपाळावर ठेवायचा. घर थंड, गल्ली गरम."

"एसीला शिव्या आणि एसीचं पाणी गोड?" मी टोचलं.

"पाप तुमचं, प्रायश्चित्त माझं," असं म्हणून ते बादली उचलून गेले.

एकदा या पाण्यापायी ते चोर ठरले. आमचा घरमालक, ज्याला आम्ही अरबाब म्हणायचो, तो म्हातारा कतारी शेजारच्याच मोठ्या व्हिलात राहायचा. त्याच्या बैठकीला चार एसी, आणि चारही जमिनीवर गळायचे. मामांना ते बघवेना. दुपारी सगळे झोपले की हे कुंपणावरून बादली घेऊन आत! तिसऱ्या दिवशी अरबाबनं स्वतः पकडलं. "काय चोरतोस?" मामांनी बादली पुढे केली. म्हणाले, "तुझं पाणी. तू टाकतोस ते." अरबाबनं बादलीत बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि हिंदीत म्हणाला, आम्ही लहान होतो तेव्हा गोड्या पाण्याची एक विहीर होती आमची, तिच्यावरून दोन घराणी भांडली होती. तेव्हापासून त्याचा ड्रायव्हर रोज संध्याकाळी चार बादल्या आमच्या दारात आणून ठेवायचा. हा किस्सा सांगताना मामा फक्त विहिरीपाशी थांबायचे. "त्याची विहीर गेली बघ," एवढंच म्हणायचे आणि विषय बदलायचे.

लाज आणायला मात्र त्यांच्यासारखा माणूस नाही. एका रमजानला सलीमनं त्याच्या मॅनेजरला इफ्तारला बोलावलं. मी दोन दिवस राबले. पाण्याच्या छोट्या बाटल्या मांडल्या होत्या, पाहुण्यांनी दोन घोट घ्यायचे आणि बाटली ठेवून द्यायची. जेवणं अर्ध्यावर असताना मामा बादली घेऊन आले आणि एकेक उष्टी बाटली उघडून बादलीत रिकामी करायला लागले. मॅनेजरच्या हातात बाटली होती. मामा त्याच्यासमोर बादली धरून उभे राहिले. तो म्हणाला, मी पितोय अजून. मामा म्हणाले, "प्या, प्या. मी थांबतो." सलीमनं त्या दिवशी, हा कोण मला माहीत नाही, असा चेहरा केला होता. मी आठ दिवस मामांशी बोलले नाही.

ते माझं न बोलणं कसं संपलं, ते सांगायलाच हवं. त्याच आठवड्यात माझी अम्मा चिपळूणला वारली. फोन आला, मी तिकिटाची धावपळ केली, पण पासपोर्ट व्हिसाच्या कामासाठी ऑफिसात अडकलेला. मला जाता आलं नाही. मी दोन दिवस खोलीबाहेर आले नाही. तिसऱ्या दिवशी मामा दारात उभे राहिले. काही समजावलं नाही, काही नाही. एवढंच विचारलं, "अम्माच्या हातचं काय आवडायचं तुला?"

मी म्हटलं, "पानगी."

तासाभरानं दाराशी केळीचं एक अखंड पान ठेवलेलं होतं, पुसून, देठ कापून. त्या केळीला तेव्हा मोजून सहा पानं होती आणि प्रत्येकाची मामांनी लेकरासारखी काळजी घेतली होती. मी पीठ कालवलं, पानावर थापलं, तव्यावर भाजलं आणि तो करपलेल्या पानाचा वास आल्याबरोबर पोटभर रडले. त्या एका पानाचं ऋण मी अजून मानते. त्या दिवसापासून नळ सोडताना मी आपणहून बारीक सोडायला लागले.

मग दोन हजार दोन-तीन सालच्या सुमारास त्या केळीला केळफूल आलं.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आधीचे मुनवे कधी उन्हानं गेले, कधी धुळीच्या वादळानं, एकदा तर अरबाबची बकरी खाऊन गेली. पण या वेळी एप्रिलात लालसर कमळासारखं फूल लोंबलं आणि बघता बघता केळ्यांचा लोंगर धरला. मामा दिवसातून दहा वेळा मागे जायचे. लोंगराला त्यांनी आपला जुना लेंगा बांधला, ऊन लागू नये म्हणून. इकबालनं विचारलं, "मामा, बारसं कधी?" तर म्हणाले, "सुकेळी झाली की. पहिलं सुकेळं माझ्या बाबांना."

त्यांचे बाबा, इनासबाबा, वसईला एकटे. मामा दर शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, मिस्सा झाली की कार्ड घालून फोन करायचे. मी कितीदा ऐकलंय. पहिला प्रश्न, "पाणी कसंय?" पलीकडून काहीतरी एक शब्द यायचा, मामा "बरं" म्हणायचे आणि मग तब्येत, भाचे, पाऊस. मी एकदा विचारलं, आधी पाण्याचंच का, तर म्हणाले, "ही राजेळी बाबांच्या वाडीतली शेवटची, नसीमबाय. तिथे आता एक उरली नाही. ही गेली की खलास."

आणि जूनमध्ये फोन आला, बाबा अंगणात पडले, मांडीचं हाड मोडलं.

मामांनी तीन आठवड्यांची रजा घेतली. निघताना मला मागे घेऊन गेले, ड्रम दाखवले, डबे दाखवले, आणि म्हणाले, "नळाचं पाणी घालायचं नाही. एक थेंब नाही. शपथ घे."

"मामा, पाणी ते पाणी! झाडाला काय कळतंय?"

"झाडाला नाही कळत. पण बाबा सुकेळं हातात घेतील आणि पहिलं विचारतील, पाणी कुठलं? मी काय सांगू? जाळलेलं? मला त्यांना खरं उत्तर देता आलं पाहिजे, बाय."

मी अल्लाची कसम घेतली. पानगीचं पान डोळ्यांसमोर होतं, दुसरं काय करणार?

मामा गेले आणि तिसऱ्याच दिवशी शमालचा वारा सुटला. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांना सांगते, उत्तरेकडून येतो, धूळ आणतो आणि हवेतली सगळी ओल चाटून पुसून नेतो. एसी घरघरत होते, पण डब्यांत टिपूस नाही. अरबाब कुटुंबासकट परदेशी थंड हवेला गेलेला, त्याच्या चार बादल्याही बंद. धुवण किती निघणार? आठव्या दिवशी ड्रमचा तळ दिसला. पानांच्या कडा करपल्या, लोंगर मान टाकल्यासारखा दिसायला लागला.

सलीम म्हणाला, सगळे एसी फुल सोडू. सोडले. विजेचं बिल भाड्यातच होतं, आमच्या बापाचं काय जातंय? मामांच्या खोलीची किल्ली माझ्याकडे होती, तिथलाही एसी लावला, त्या बिचाऱ्याला वर्षानुवर्षं कोणी हात लावला नव्हता. रिकाम्या खोल्या बर्फासारख्या गार, आम्ही जूनमध्ये रजया घेऊन झोपतोय, आणि डब्यात कटोरीभर पाणी.

तेव्हा इकबालनं डोकं चालवलं. तो म्हसळ्याचा, एसी दुरुस्तीचंच काम करायचा. म्हणाला, "भाभी, एसी पाणी बनवत नाही, हवेतली ओल गाळतो. हवेत ओलच नाही तर गाळणार काय? तुम्ही ओल द्या, मी पाणी देतो."

मग आम्ही ओल दिली. प्रत्येक खोलीत एकेक शेगडी, शेगडीवर टोप, टोपात नळाचं पाणी, खदाखदा उकळतंय. वरून एसी सर्वांत थंडवर. वाफ उठायची, एसी ती गिळायचा आणि खाली पाइपातून टप टप टप. चार दिवसांत गॅसचे दोन सिलिंडर संपले. भिंतींना घाम सुटला, सलीमचं सर्टिफिकेट फ्रेममध्ये गुंडाळलं गेलं, उशांना वास यायला लागला. पण डबे भरले! मी स्वतः बादल्या वाहून केळीला घातल्या आणि पानं पुन्हा सरळ झाली. इकबाल आणि सलीमनं एकमेकांना टाळ्या दिल्या.

साइमा तेव्हा सात वर्षांची. मराठी सगळं कळायचं, बोलायची मात्र शाळेतलं इंग्रजी. ती टोपाकडे बघून म्हणाली, "मम्मा, व्हाय डोन्ट यू जस्ट गिव्ह दॅट वॉटर टू द ट्री?"

मी म्हटलं, "गप्प बस. कसम घेतलीय."

मामा दोन दिवस आधीच आले. सकाळची वेळ. मी त्यांच्याच खोलीत टोपात पाणी ओतत होते. दारात पाहिलं तर हातात बॅग, डोक्यावर तीच टोपी. त्यांनी शेगडी पाहिली. एसी पाहिला. भिंतीवरून ओघळणारं पाणी पाहिलं. खिडकीबाहेरचा टपटपणारा पाइप पाहिला. त्यांना सगळं कळायला किती वेळ लागणार? आयुष्यभर तेच काम केलेला माणूस. समुद्र उकळायचा कारखाना आम्ही त्यांच्या खोलीत उघडला होता.

मी डोळे मिटून वाट पाहत राहिले. आता येणार, किती जाळलंस.

प्रश्न आलाच नाही. शेगडी बंद केल्याचा आवाज आला, मग एसी. डोळे उघडले तर मामा बादली पालथी घालून तिच्यावर बसले होते. मी रडायला लागले. म्हटलं, "मामा, माफ करा. केळ मरत होती. मी कसम घेतली होती."

"तुझं काय चुकलं?" ते म्हणाले. "केळ जगावी म्हणूनच केलंस. चांगल्यासाठीच केलंस. वाईटासाठी कोणी जाळतच नाही गं."

आणि मग त्यांनी मला ते सांगितलं, जे इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. "बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा मी बावीस वर्षांचा. टँकरवाले दारात आले. म्हणाले, तुमची विहीर रात्रीतून परत भरते, दोन टँकर नेले तर काय झालं? खरंच भरायची. मी मोटर बसवली. दोनाचे चार झाले, चाराचे दहा. बहिणीचं लग्न झालं, माझं इथलं तिकीट निघालं. शेजाऱ्यांनीपण मोटरी लावल्या. कुणाच्या घराची कौलं झाली, कुणाचा मुलगा शिकला. सगळ्यांचं चांगलंच चाललं होतं. आणि एक दिवस बाबांनी विहिरीतलं पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. खाडी आत आली होती, नसीमबाय. खारं. आधी पानवेल गेली, मग केळी."

"बाबा काय म्हणाले?"

"काहीच नाही. आजपर्यंत काहीच नाही. मी विचारतो पाणी कसंय, ते म्हणतात, आहे. आतापण जवळजवळ तीन आठवडे उशाशी बसलो, वाडीबद्दल अवाक्षर नाही. एवढा राग."

मला तेव्हा कळलं, हा माणूस इतकी वर्षं बाथरूमचं दार वाजवून कुणाला विचारत होता.

केळ जगली. ऑगस्टात लोंगर उतरवला, पोत्यात गुंडाळून पिकत घातला. मग सोललेली केळी गच्चीवर मच्छरदाणीखाली वाळत घातली आणि आख्ख्या व्हिलानं पाळ्या लावून कबुतरं हाकलली. इकबाल तर डबा घेऊन तिथेच जेवायचा. पाच दिवसांत सोन्यासारखी तांबूस, चिकट सुकेळी झाली. मामांनी आम्हा प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवलं. मी आजवर खाल्लेल्या गोड पदार्थांत त्याच्या तोडीचं काही नाही, आणि मी चिपळूणची आहे, फणसपोळी खाऊन वाढलेली.

मामांची रजा संपलेली. आम्ही महिनाअखेरीस माझ्या दिराच्या लग्नाला निघालो होतो. मामांनी सुकेळ्यांची पुडी केळीच्या सुक्या पानात बांधून माझ्याकडे दिली आणि सोबत एक मुनवा, ओल्या बनियनमध्ये. "बाबांनी पाणी विचारलं तर खरं सांग," ते म्हणाले. "शेगडीसकट."

मुंबईला उतरून मी सलीमला साइमाबरोबर पुढे पाठवलं आणि वसईला गेले. चारी बाजूंनी इमारती, मधे एक कौलारू घर, आणि दारात टँकर उभा. पाणी न्यायला नव्हे, द्यायला. इनासबाबा व्हरांड्यात काठीला धरून बसले होते, मामांसारखेच काटकुळे. मी पुडी दिली. त्यांनी ती आधी हुंगली. मग एक सुकेळं मोडून तोंडात घेतलं आणि बिनदातांनी कितीतरी वेळ चघळत राहिले.

मग म्हणाले, "पाणी कुठलं?"

मी सगळं सांगितलं. एसी, डबे, शमाल, कसम, शेगड्या. म्हातारा हसला नाही, रागावला नाही. "गोडं आहे," म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "तो दर शुक्रवारी विचारतो, पाणी कसंय. मी काय सांगू?"

"त्यांना वाटतं तुम्ही रागावलाय, बाबा."

इनासबाबांनी माझ्याकडे पाहिलं. "मी? विहीर माझ्या नावावर होती, मुली. टँकरवाल्याला हो मी म्हटलं. तो तर पोरगा, त्यानं नुसती मोटर बसवली. पोरीचं लग्न होतं, मी हो म्हटलं. मला लाज वाटते त्याच्यासमोर. त्याच्यासाठी वाडी ठेवली नाही मी. कुठल्या तोंडानं पाण्याचं बोलू?" त्यांनी काठी जमिनीवर टेकवली. "हे त्याला फोनवर सांगू नको. समोर बसून सांग."

या अल्ला! बाप लाजेनं गप्प, लेक भीतीनं गप्प, आणि मधे सगळी वर्षं वाहून गेली. मी डोळे पुसले. हात चिकट झाले होते म्हणून बाहेरच्या पिंपाशी धुवायला गेले, तर म्हातारा लंगडत मागे आला आणि माझ्या हातांखाली तपेली धरून उभा राहिला. ते पाणी त्यांनी जपून मुनव्यापाशी नेऊन ठेवलं.

दोह्याला परतले त्या दिवशी मामा कामावरून आले तसं मी त्यांना स्वयंपाकघरात बसवलं आणि इनासबाबांचा शब्द न् शब्द सांगितला. ते ऐकत होते. टोपी काढून मांडीवर घेतली होती. माझं सांगून संपलं तसे उठले. बादली घेतली, बाथरूममध्ये गेले आणि दार लावलं.

नळ सुटला. पूर्ण. इतका मोठा आवाज त्या बाथरूममधून आम्ही कधी ऐकला नव्हता. पाच मिनिटं झाली, दहा झाली. इकबाल जिन्यावर येऊन उभा राहिला, सलीम पेपर ठेवून बाहेर आला. साइमा पळत दाराशी गेली आणि टकटक करायला मूठ उचलली. मी तिचा हात धरला. आतून पाण्याच्या आवाजात दुसराही आवाज येत होता. आम्ही सगळे तिथेच उभे राहिलो, पण दार कुणी वाजवलं नाही.

बऱ्याच वेळानं मामा बाहेर आले. कपडे ओलेचिंब, डोळे लाल आणि हातात काठोकाठ भरलेली बादली. आम्हाला सगळ्यांना रांगेत उभं पाहून ते जरा ओशाळले.

"साबण लावला नाही," ते म्हणाले. "केळीला चालेल."